काठ मागे जातो तेव्हा

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून दिवाडीला जाणारी फेरीबोट सुटते, तेव्हा पहिले काही क्षण ती सुटल्याचे कळतच नाही. इंजिनाची धडधड पायांखालच्या लोखंडी पत्र्यातून आधीपासूनच जाणवत असते, त्यामुळे शरीराला काही नवे घडल्याचा निरोप मिळत नाही. डोळ्यांना मात्र दिसते की धक्क्यावर उभा असलेला माणूस, त्याच्या मागचे माड आणि माडांच्या वर दिसणारा सेंट कायतानच्या चर्चचा घुमट हे सगळे सावकाश मागे सरकू लागले आहे. मध्ये मांडवीचे पाणी येते, काठ लांब जातो, आणि मग कुठे मन हिशेब जुळवते की काठ जागच्या जागी आहे, निघालो आहोत ते आपण. हा हिशेब इतक्या झटकन होतो की तो केल्याचे भानही आपल्याला राहत नाही.

दिवाडी बेटावरच्या एका शाळेत मी एकवीस वर्षे विज्ञान शिकवले. फोंड्याहून बसने जुने गोवे आणि तिथून फेरी, असे दिवसातून दोनदा नदी ओलांडणे हा माझ्या नोकरीचाच भाग होता. पाच-सात मिनिटांच्या त्या प्रवासात एक श्लोक मला नेहमी सोबत करी. आर्यभटाने वयाच्या तेविसाव्या वर्षी, इ. स. ४९९ मध्ये, लिहिलेल्या ग्रंथाच्या गोलपाद या प्रकरणात तो आहे: ‘अनुलोमगतिर्नौस्थः पश्यत्यचलं विलोमगं यद्वत्। अचलानि भानि तद्वत् समपश्चिमगानि लङ्कायाम्॥’ नावेत बसून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू जशा उलट्या दिशेने जाताना दिसतात, तशीच स्थिर नक्षत्रे लंकेवरून पाहणाऱ्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. लंका हे इथे विषुववृत्तावरचे गणिताच्या सोयीचे ठिकाण आहे. त्याच ग्रंथात आर्यभट या फिरण्याचे मापही देतो: एका प्राणात पृथ्वी एक कला फिरते. प्राण म्हणजे एका श्वासाचा काळ, आपल्या मापाने चार सेकंद. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. पृथ्वीची गती माणसाच्या श्वासाने मोजावी ही कल्पना मला आजही भारावून टाकते.

असे असूनही पृथ्वीचे फिरणे मला खऱ्या अर्थाने पटलेले नव्हते, हे मला आठवीतल्या एका मुलाने दाखवून दिले. परिवलनाचा धडा चालू असताना त्याने उभे राहून विचारले, ‘टीचर, पृथ्वी घुंवता जाल्यार हांव उडी मारतकच फाटीं कित्याक पडना?’ पृथ्वी फिरते, तर उडी मारल्यावर मी मागे का पडत नाही? मी ठरीव उत्तर दिले की पृथ्वीबरोबर आपणही फिरत असतो, हवाही फिरत असते, आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळले. तो खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावर समाधान नव्हते, आणि परतीच्या फेरीत माझ्या लक्षात आले की समाधान माझेही झालेले नाही.

त्याचा प्रश्न साधा नव्हता. सहाव्या शतकात वराहमिहिराने हाच आक्षेप घेतला होता की पृथ्वी फिरत असती, तर आकाशात उडालेले पक्षी आपापल्या घरट्यांत परतू शकले नसते. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये आर्यभटाला विचारले की पृथ्वी फिरते, तर उंच वस्तू कोसळून का पडत नाहीत? हे दोघे हट्टी किंवा अडाणी नव्हते. पक्षी संध्याकाळी घरट्यात परततात हे त्यांनी पाहिले होते, आणि आर्यभटाकडे त्या पक्ष्यांसाठी उत्तर नव्हते. पुढच्या काळात त्याच्या वचनातल्या ‘भूः’ या शब्दाच्या जागी ‘भं’ असा पाठ रूढ झाला. भू म्हणजे पृथ्वी, भं म्हणजे नक्षत्रमंडळ. एवढ्या एका अक्षराने पृथ्वी पुन्हा स्थिर झाली आणि आकाश पुन्हा फिरू लागले. विज्ञानाच्या इतिहासातल्या मोठमोठ्या खटल्यांपेक्षा मला ही गोष्ट अधिक चटका लावते, कारण यात कोणीच कोणाचा छळ केलेला नाही. ज्यांनी तो ग्रंथ जिवापाड जपला, त्यांनीच आपल्या गुरूला सांभाळून घेण्यासाठी त्याच्या तोंडचा शब्द बदलला.

त्या शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर मी आठ मुलांना घरच्यांच्या परवानगीने फेरीवर नेले. बोटीच्या पत्र्यावर खडूने एक वर्तुळ काढले आणि त्या मुलाला म्हटले, ‘मार उडी.’ बोट तेव्हा नदीच्या मध्यावर होती, एक काठ मागे जात होता, दुसरा जवळ येत होता. त्याने उडी मारली आणि तो वर्तुळातच उतरला. मग त्याने पाठ फिरवून मारली, नंतर डोळे मिटून मारली, आणि प्रत्येक उडीनंतर तो खाली वाकून आपल्या चपलेची टाच खडूच्या रेघेपासून किती अंतरावर आहे ते बोटाने मोजत राहिला. अकरा उड्या झाल्या. शेवटी तो कठड्यापाशी गेला आणि मागे जाणाऱ्या खारफुटीकडे बराच वेळ पाहत राहिला. काही बोलला नाही, आणि मीही त्याला काही विचारले नाही.

गॅलिलिओने १६३२ च्या आपल्या संवादग्रंथात नेमके हेच करायला सांगितले आहे. मोठ्या जहाजाच्या तळमजल्यावरच्या बंद खोलीत जा, सोबत माश्या आणि फुलपाखरे घ्या, पाण्याच्या भांड्यात मासे ठेवा, वर टांगलेल्या बाटलीतून थेंब खालच्या भांड्यात पडू द्या. जहाज स्थिर असताना हे सगळे नीट पाहून ठेवा. मग जहाज हव्या त्या वेगाने, पण संथपणे चालू द्या. थेंब त्याच भांड्यात पडेल, फुलपाखरे मागच्या भिंतीकडे ढकलली जाणार नाहीत, आणि खोलीतल्या कोणत्याही गोष्टीवरून जहाज चालते आहे की उभे आहे हे तुम्हाला सांगता येणार नाही. वराहमिहिराच्या पक्ष्यांना इथे अकराशे वर्षांनी उत्तर मिळाले. आर्यभटाची नाव आणि गॅलिलिओचे जहाज यांच्यातला फरकही इथेच आहे: नावेतला माणूस बाहेर पाहतो आणि त्याला कळते की दिसणे फसवे असू शकते, जहाजातला माणूस आत पाहतो आणि त्याला पटते की आपण गतीत असूनही ती आपल्याला का जाणवत नाही.

कळणे आणि पटणे ही मराठीतली जोडी मला फार मोलाची वाटते. कळणे एका क्षणात होते, पटायला काळ जातो. सावकारीतही हा शब्द आहे. हुंडी पटते तेव्हा कागदावरच्या आकड्याचे रोख पैसे हातात पडतात. कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ मध्ये छापला गेला, पण पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल तर जवळच्या ताऱ्यांची जागा वर्षभरात किंचित बदललेली दिसली पाहिजे, ही हुंडी बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने १८३८ मध्ये एका ताऱ्याचे तसे सरकणे मोजून दाखवले तेव्हा रोख झाली. जवळजवळ तीनशे वर्षे गेली. इतिहासाच्या पुस्तकांत वैज्ञानिक क्रांतीला एक तारीख असते आणि एक नाव असते. माझ्या मते क्रांती घडते ती त्या तारखेनंतरच्या वर्षांत, कोणीतरी अकरावी उडी मारून पाहत असताना.

ज्या धक्क्यावरून फेरी सुटते, तिथून चालत वीस मिनिटांवर सेंट पॉल कॉलेजची एकटी उरलेली कमान आहे. या कॉलेजात १५५६ मध्ये भारतातला पहिला छापखाना सुरू झाला, आणि सातच वर्षांनी, १५६३ मध्ये, याच शहरात गार्सिया द ओर्ता याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ छापून निघाला. ओर्ता पोर्तुगीज वैद्य होता. सालामांका आणि अल्काला इथे शिकून तो १५३४ मध्ये जहाजाने भारतात आला आणि मरेपर्यंत इथेच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहालाही त्याने औषधे दिली. त्याचा ग्रंथ संवादरूपाने लिहिलेला आहे, गॅलिलिओच्या संवादाच्या एकोणसत्तर वर्षे आधी. एक ओर्ता स्वतः, दुसरा रुआनो नावाचा कल्पित वैद्य, जो युरोपातून नुकताच उतरला आहे आणि ज्याला गॅलनसारख्या प्राचीन ग्रीक वैद्यांचे ग्रंथ तोंडपाठ आहेत. रुआनो विचारतो, अमुक औषधाबद्दल गॅलनने असे लिहिले आहे, ते खरे ना? आणि ओर्ता सांगतो की मी ते झाड पाहिले आहे, फळ चाखले आहे, ते विकणाऱ्यांना विचारले आहे. एके ठिकाणी तो म्हणतो की स्पेनमध्ये असतो, तर गॅलनच्या आणि ग्रीकांच्या विरुद्ध काही बोलण्याचे धाडस मला झाले नसते.

हे वाक्य मी अनेकदा वाचले आहे. ते गोव्यात लिहिले गेले याचा अभिमान वाटावा, असे मला पूर्वी वाटे. आता त्यात मला धाडसापेक्षा अंतर अधिक दिसते. फणस, आंबा, विड्याचे पान यांच्याबद्दल प्राचीन ग्रंथकारांनी ऐकीव लिहिले होते किंवा काहीच लिहिले नव्हते, आणि ओर्ताच्या दारात ही झाडे उभी होती. युरोपापासून सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासाच्या अंतरावर, वैद्य आणि हकीम यांच्या सहवासात, त्याला आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवण्याची मोकळीक मिळाली. चारच वर्षांनी, १५६७ मध्ये, क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप अँटवर्पला छापला आणि गोव्यातल्या बागेतले निरीक्षण युरोपच्या विद्वानांच्या मेजावर गेले.

मात्र ती मोकळीक झाडापाल्यापुरतीच होती. ओर्ताच्या आईवडिलांना स्पेनमधून ज्यू म्हणून हाकलले होते आणि पोर्तुगालमध्ये सक्तीने ख्रिस्ती केले होते. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडाची चौकशी करणारे चर्चचे न्यायालय, सुरू झाले. ओर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्या वर्षी त्याची बहीण कातारिना हिला ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून इथेच जाळण्यात आले, आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे थडग्यातून उकरून जाळली गेली. पणजीच्या मध्यवस्तीत आज त्याच्या नावाची बाग आहे. तिथल्या बाकावर बसले की मला त्याच्या ग्रंथातली फळे आधी आठवत नाहीत, ती हाडे आठवतात.

त्या ग्रंथातले एक प्रकरण आम्हा मराठी वाचणाऱ्यांना विशेष जवळचे वाटावे असे आहे. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, लक्षणे त्यात ओर्ता नोंदवतो: नाडी मंद होते, कातडी गार पडते, घाम येतो तोही गार, डोळे खोल जातात, पायांत गोळे येतात, तहान भागत नाही, आणि रोगी काही तासांतच जातो. इथले लोक या रोगाला काय म्हणतात तेही तो लिहितो: मोर्शी. म्हणजे आपली मोडशी. ओर्ताने तो शब्द कानांनी टिपला, पोर्तुगीजांनी त्याचे ‘मोर्देशिम’ केले, फ्रेंचांच्या कानाला तो ‘मोर द शियँ’, म्हणजे कुत्र्याचे मरण, असा ऐकू आला, आणि आमच्या आज्या पोट बिघडल्यावर म्हणत तो साधा शब्द युरोपच्या वैद्यकग्रंथांत शिरला. नाव गेले, लक्षणे गेली. कारण मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

पुढच्या दोन शतकांत जुने गोवे याच अज्ञानाने ओस पडले. पटकी आणि हिवताप यांच्या साथी येत राहिल्या. शहराखाली जांभा आहे, आणि जांभा म्हणजे सच्छिद्र दगड. शौचकूप आणि विहिरी जवळजवळ असल्या, तर एकातले पाणी दुसऱ्यात झिरपायला त्याचा अडसर होत नाही. लोकांना वाटत होते की हवा बिघडली आहे. बिघडलेल्या हवेवरचा उपाय म्हणजे हवापालट, म्हणून ज्यांना जमले ते निघून गेले. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपला निवास पणजीला हलवला, पडक्या वाड्यांचे दगडही बांधकामांसाठी तिकडे गेले, आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. लंडनमध्ये जॉन स्नोने पटकीच्या मृत्यूंची घरे नकाशावर मांडून एका पंपाकडे बोट दाखवले ते १८५४ मध्ये, आणि कोखने कलकत्त्यात रोग्यांच्या आतड्यांतल्या व तळ्याच्या पाण्यातल्या जंतूचा छडा लावला तो १८८४ मध्ये. ओर्ताच्या नोंदीनंतर तीनशे एकवीस वर्षांनी. तोवर इथे चर्च आणि माड उरले होते.

कोणती वैज्ञानिक क्रांती सर्वांत मोठी, असे मला मुले विचारत. मी कोपर्निकसचे नाव घ्यावे अशी त्यांची अपेक्षा असे, पण मी नेहमी जंतूंची सांगत असे, आणि आजही सांगेन. पृथ्वी फिरते हे न पटलेला माणूसही सुखाने जगू शकतो. पाण्यातून न दिसणारे काही येते हे ज्या आईला पटले, तिचे मूल वाचले. आणि हे पटणे कोणत्याही वादसभेत झाले नाही. ते चुलीवर झाले, पाण्याच्या पातेल्याला उकळी फुटेपर्यंत थांबण्यात झाले.

जुन्या गोव्याने आकाशही पाहिले आहे. १६१८ च्या ऑक्टोबरात चीनला निघालेल्या जेझुइट धर्मप्रचारकांचे एक जहाज इथे लागले. त्यांत योहान श्रेक होता, रोममधल्या ज्या लिंचेई अकादमीचा गॅलिलिओ सभासद होता तिचाच सभासद. आणि किरविट्झर नावाचा तरुण गणिती होता. त्या वर्षाच्या अखेरीस आकाशात धूमकेतू दिसले. किरविट्झरची गोव्यातली निरीक्षणे १६२० मध्ये युरोपात छापली गेली. त्याच धूमकेतूंवरून तिकडे गॅलिलिओचा आणि दुसऱ्या एका जेझुइटाचा कडाक्याचा वाद चालू होता. त्या थंडीत दिवाडीच्या शेतकऱ्यांनीही तोच धूमकेतू पाहिला असणार.

माझ्या स्वतःच्या आयुष्यात घडलेली एकच मोठी क्रांती मी सांगू शकते, आणि ती समुद्राची आहे. बाणावलीचे नाव परशुरामाच्या बाणावरून पडले, ही गोष्ट गोव्यातल्या प्रत्येक मुलासारखी मीही ऐकली. सह्याद्रीवरून त्याने बाण सोडला, समुद्र मागे हटला आणि कोकण वर आले. पुढे पदवीला असताना कळले की जमीन खरोखरच हलते, फक्त समुद्राला मागे लोटून नव्हे, तर समुद्राच्या तळाला बरोबर घेऊन. वेगेनरने १९१२ मध्ये खंड सरकतात असे मांडले. तो हवामानशास्त्रज्ञ होता. भूशास्त्रज्ञांनी विचारले की एवढे खंड हलवणारी शक्ती कोणती, आणि त्याच्याकडे पटेल असे उत्तर नव्हते. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात तो मरण पावला, तेव्हा त्याची कल्पना बहुतेकांनी बाजूला ठेवलेली होती. पुन्हा तीच गोष्ट: वराहमिहिराचे पक्षी.

त्याचे उत्तर कुठून आले? अरबी समुद्रातून. दोना पावलाच्या टोकावर उभे राहून नैऋत्येकडे पाहिले, तर दीड हजार किलोमीटरहून दूर, समुद्राच्या तळाशी, कार्ल्सबर्ग नावाची पर्वतरांग आहे. १९६२ च्या अखेरीस ‘ओवेन’ या ब्रिटिश जहाजाने तिच्यावरून फिरून तळाच्या खडकांचे चुंबकत्व मोजले. खडकांत पट्टे निघाले: एका पट्ट्यातले चुंबकत्व आजच्या दिशेचे, त्याच्या शेजारच्या पट्ट्यातले उलटे, पुन्हा सुलटे. केंब्रिजच्या फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये त्याचा अर्थ लावला. रांगेच्या मधल्या भेगेतून लाव्हा वर येतो, थिजतो, थिजताना त्या काळच्या उत्तर-दक्षिण दिशेची खूण आपल्यात धरून ठेवतो, आणि दोन्ही बाजूंना सरकतो. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून उलटतात, शेवटचे उलटले ते सुमारे पावणेआठ लाख वर्षांपूर्वी. म्हणून भेगेच्या दोन्ही अंगांना एकसारखे पट्टे तयार होतात. कॅनडाच्या लॉरेन्स मॉर्लेने हीच कल्पना स्वतंत्रपणे लिहून पाठवली होती. दोन नियतकालिकांनी ती नाकारली. पण आता पट्टे मोजता येत होते, आणि वेगेनरला मिळाले नव्हते ते पटणे पाच-सहा वर्षांत जगभर झाले.

आमच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना १९६६ ची, म्हणजे त्याच वर्षांतली. हिंदी महासागराच्या ज्या आंतरराष्ट्रीय मोहिमेतून ती उभी राहिली, ती मोहीमही तेव्हाचीच. संस्थेच्या खुल्या दिवशी मी वर्ग घेऊन दोना पावलाला जात असे. सुमारे आठ-नऊ कोटी वर्षांपूर्वी भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून सुटले, हे ऐकून एका मुलीने खिडकीतून समुद्राकडे पाहिले आणि विचारले की मग पलीकडचा काठ आपलाच होता का? होता. परशुरामाच्या कथेत हे आधीच सांगितले आहे, असे त्या वेळी एक पालक उत्साहाने म्हणाले. मला ते मान्य करता आले नाही. कथा कथेच्या जागी सुंदर आहे, बाणावलीचे नाव तिच्यामुळे आपल्याला जिव्हाळ्याचे वाटते. पण तिला खडकातल्या पट्ट्यांचे भाकीत म्हटले, तर ते पट्टे मोजण्यासाठी लोक समुद्रात गेले त्यांचे श्रमही जातात आणि कथाही जाते.

विसाव्या शतकातल्या दोन सर्वांत खोल क्रांत्यांविषयी, सापेक्षता आणि पुंजसिद्धांत यांविषयी, मी फार लिहिणार नाही. त्या मी शिकले, पण त्यांची हुंडी माझ्या हातात पटलेली नाही. एवढे मात्र दिसते की पर्वरीपासून पाळोळ्यापर्यंत भाड्याच्या स्कूटरवर फिरणारा प्रत्येक पाहुणा हातातल्या फोनच्या सांगण्यावरून डावीकडे-उजवीकडे वळतो, आणि त्या फोनला दिशा देणाऱ्या उपग्रहांवरची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात, हे आइनस्टाइनच्या गणिताने धरूनच रस्ता ठरतो. कळते पण वळत नाही, असे आपण म्हणत आलो. इथे वळणे आधी झाले आहे, आणि कळण्यावाचून कोणाचे अडत नाही. याची मला काळजी वाटते, कारण न कळता स्वीकारलेली गोष्ट न कळताच सोडूनही देता येते.

पटणे म्हणजे काय हे मी प्रथम पाहिले ते माझ्या आजीच्या बाबतीत, १६ फेब्रुवारी १९८० रोजी. त्या शनिवारी दुपारी सूर्यग्रहण होते. कारवारच्या बाजूला खग्रास, आमच्याकडे सूर्य जवळजवळ पुरता झाकणारे. मी नऊ वर्षांची होते. आजीने सकाळीच घागरींवर आणि लोणच्याच्या बरण्यांवर तुळशीची पाने ठेवली होती. काकूला सातवा महिना होता. ग्रहणात गरोदर बाईने सूर्य पाहू नये, काही कापू-चिरू नये, म्हणून तिला राजांगणाच्या पलीकडच्या काळोख्या खोलीत चटईवर निजवून दार-खिडकी लावून घेतली होती. आम्हा मुलांना ओसरीच्या बाहेर जायला बंदी होती. तरी तिथूनही दिसले की आंब्याच्या पानांतून सारवलेल्या अंगणावर पडणारे कवडसे आज गोल नाहीत. अंगणभर शेकडो चंद्रकोरी पसरल्या होत्या, सगळ्या एकाच दिशेला वळलेल्या. उजेड मंद, पितळी झाला होता आणि कावळे ओरडत होते.

काकू स्वस्थ पडली आहे ना, हे पाहायला आजी आत गेली, आणि मी तिच्या पदराला धरून गेले. खोलीत मिट्ट काळोख होता. फक्त एका सरकलेल्या कौलाच्या फटीतून उजेडाची एक काठी तिरपी उतरली होती, आणि समोरच्या भिंतीवर, बोटाच्या दोन पेरांएवढी, एक स्वच्छ कोर उमटली होती. बाहेर कोणालाही ग्रहण इतके रेखीव दिसले नसेल. काकू चटईवर पडल्या पडल्या गेला तासभर तेच पाहत होती. आजीने विचारले, ‘हें कितें गो?’ काकू म्हणाली, ‘सूर्य.’ आजीने वर कौलाकडे पाहिले, पुन्हा भिंतीकडे पाहिले, आणि तो उजेड अडवण्यासाठी हात पुढे केला. कोर तिच्या तळव्यावर आली. तिने हात झटकन मागे घेतला, आणि थोड्या वेळाने पुन्हा पुढे केला.

ग्रहण सुटल्यावर आजीने आंघोळ केली, साठवलेले पाणी ओतून दिले, दान काढून ठेवले. यातले तिने काही सोडले नाही, पुढेही कधी सोडले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, त्याच वेळेला, ती कोणाला न सांगता त्या खोलीत गेली. काकू तिथे चटईवर बसून कापूस पिंजत होती. आजीने दार लावून घेतले, खिडकी लावली आणि काळोखाला डोळे सरावेपर्यंत उभी राहिली. भिंतीवर, काल जिथे कोर होती तिथे, एक गोल कवडसा होता. फट काल होती तीच, वेडीवाकडी. आजीने तळवा त्याच्याखाली धरला. ‘वाटकुळो,’ ती म्हणाली. गोल. मग काकूकडे वळून तिने विचारले, ‘हो सदांच आसता?’

‘सदांच,’ काकू म्हणाली.

आजी हात तसाच धरून उभी राहिली. कौलापासून साडेतीन मीटरवर असा कवडसा एका प्राणात साधारण एक मिलिमीटर सरकतो, हा हिशेब मी पुष्कळ वर्षांनी केला. त्या दुपारी एवढेच पाहिले की तो तिच्या तळव्याच्या मध्यावरून निघून, अंगठ्याखालच्या उंचवट्यावर चढून, हळूहळू काकणाकडे चालला होता, आणि ती श्वास रोखून त्याच्याकडे पाहत होती.